गाळलेले एक वाक्य



मे महिना म्हणजे आपल्याकडे मारिया माउलीचा महिना. संध्याकाळ झाली की वाडीवाडीत क्रुसाजवळ रोझरी होते, मुले फुले आणतात, शेवटी खाऊ वाटला जातो. याच महिन्यात सरकारी कचेऱ्यांतून आणखी एक गोष्ट होते. २१ मे या दहशतवादविरोधी दिनानिमित्त सगळ्यांना उभे करून शपथ दिली जाते. आपल्यापैकी जे नोकरदार आहेत त्यांनी ती अनेकदा घेतली असेल. मात्र हा दिवस २१ तारखेलाच का, हे आता तरुणांना सांगावे लागते.

२१ मे १९९१ च्या रात्री तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे प्रचारसभेसाठी आलेल्या राजीव गांधींचा खून झाला. धनू या नावाने ओळखली जाणारी एक तरुणी चंदनाचा हार घेऊन पुढे आली, पाया पडण्यासाठी वाकली आणि अंगावर बांधलेला बॉम्ब तिने उडवला. राजीवजी तेव्हा ४६ वर्षांचे होते. त्यांच्यासोबत डझनाहून अधिक माणसे गेली. त्यांत बंदोबस्ताला उभे असलेले पोलीस होते, आणि पाहुण्यांना कविता म्हणून दाखवायला आलेली एक मुलगी व तिची आईही होती.

हा विषय आम्ही राजकारणासाठी घेतलेला नाही. राजीव गांधींचे श्रीलंकेविषयीचे धोरण बरोबर होते की चूक, हा वाद जाणकारांनी घालावा. आमच्यापुढे प्रश्न वेगळा आहे. एवढा मोठा खून झाल्यावर देश खुन्याचा शोध घेतो, तेव्हा तो नेमके काय शोधत असतो? काय घडले ते, की शिक्षा द्यायला एखादा माणूस? या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. पोलीस तेच असतात, कोर्ट तेच असते, वर्तमानपत्रांतले मथळेही तेच असतात. पण त्यांतला फरक किती मोठा असू शकतो, हे या खटल्यातून जसे कळते तसे क्वचितच दुसरीकडे कळेल.

तपासाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तपास करणाऱ्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. स्फोटाच्या ठिकाणी हरिबाबू नावाचा छायाचित्रकार मेला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. त्यातल्या फिल्मवर हार घेऊन उभी असलेली धनू होती आणि पांढऱ्या कुर्त्यातला, हातात वही घेतलेला, पत्रकारासारखा दिसणारा एक माणूस होता. तो शिवरासन, एलटीटीई या संघटनेचा माणूस आणि प्रत्यक्ष जागेवरचा सूत्रधार. डी. आर. कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली सीबीआयचे विशेष तपास पथक नेमले गेले. त्या एका फिल्मवरून पथकाने माणसामागून माणूस शोधला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूजवळच्या कोणनकुंटे येथील एका घराला वेढा पडला. आत शिरेपर्यंत सुमारे दीड दिवस गेला. २० ऑगस्टला कमांडो आत गेले तेव्हा शिवरासनने स्वतःला गोळी घातली होती आणि बाकीच्यांनी सायनाइड गिळले होते. तो दिवस राजीव गांधींचा जन्मदिवस होता. मे १९९२ मध्ये, म्हणजे खुनाला वर्ष होण्याच्या आत, आरोपपत्र दाखल झाले.

म्हणजे ज्यांना सगळे ठाऊक होते ती माणसे मेली, किंवा श्रीलंकेत हाताबाहेर राहिली. आरोपपत्रात ४१ नावे होती. त्यांतले १२ जण आधीच मेलेले होते, तिघे फरारी होते. कोर्टापुढे उभे राहिले ते उरलेले २६. पूनमल्ली येथील टाडा न्यायालयाने २८ जानेवारी १९९८ रोजी त्या सव्वीसच्या सव्वीस जणांना फाशी सुनावली.

सव्वीस. बंधुभगिनींनो, हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्याचा नाही. कोणी घर भाड्याने मिळवून दिले होते, कोणी गाडी चालवली होती, कोणी निरोप पोचवला होता. सगळ्यांची शिक्षा एकच. पुढे ११ मे १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी १९ जणांची खुनाच्या कटातली शिक्षा रद्द केली. काही किरकोळ गुन्ह्यांची शिक्षा त्यांची भोगून झालीच होती, ते घरी गेले. चौघांची फाशी कायम राहिली, तिघांना जन्मठेप झाली. अपील झाले नसते, किंवा वरच्या न्यायाधीशांनी कागद बारकाईने वाचले नसते, तर ती १९ माणसे फासावर चढली असती आणि देशात बहुतेकांना न्याय झाला असेच वाटले असते. आपल्यालाही.

ज्या चौघांची फाशी कायम राहिली, त्यांत पेरारीवालन नावाचा एक जण होता. अटक झाली तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला होता. जून १९९१ मध्ये, चौकशी करून सोडतो, असे पोलीस म्हणाले म्हणून आईवडिलांनीच त्याला त्यांच्या स्वाधीन केले. तो सुटला २०२२ मध्ये. त्याच्यावरचा मुख्य आरोप असा, की त्याने नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या विकत आणून शिवरासनला दिल्या आणि त्या बॉम्बच्या पट्ट्यात वापरल्या गेल्या. त्याच्याविरुद्ध आणखीही काही बाबी मांडल्या होत्या, पण या बॅटऱ्यांचे वजन सर्वांत जास्त होते. पुरावा होता त्याचा कबुलीजबाब. एरवी पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे कोर्टात चालत नाही. टाडा कायद्याखाली मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून घेता येत असे. हा खून त्या कायद्याच्या अर्थाने दहशतवादी कृत्य ठरत नाही, असे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले, तरी त्या कायद्याखाली घेतलेले कबुलीजबाब तेवढे ग्राह्य राहिले.

तो कबुलीजबाब नोंदवणारे अधिकारी होते सीबीआयचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक व्ही. त्यागराजन. निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, त्यांनी जाहीरपणे एक गोष्ट सांगितली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर तीच लिहून दिली. बॅटऱ्या आणल्याचे पेरारीवालनने सांगितले होते हे खरे, पण त्या कशासाठी हव्या आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते, असेही तो म्हणाला होता. ते वाक्य त्यांनी लिहून घेतले नाही. ते लिहिले असते तर तो कबुलीजबाबच उरला नसता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आम्ही या एका वाक्यापाशी थांबणार आहोत.

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा, पाप महापाप कधी ठरते? तो बोटे मोजत सांगेल: बाब गंभीर असली पाहिजे, ती पापमय आहे याची पूर्ण जाणीव असली पाहिजे, आणि मनाची पूर्ण संमती असली पाहिजे. तीनपैकी एक बोट मिटले तर महापाप होत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला पाठ असलेली ही गोष्ट तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी फार खोलवर तपासली आहे. माणूस जे अजाणता करतो, ते खऱ्या अर्थाने त्याच्या इच्छेने केलेले कृत्य म्हणता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे उत्तर सरसकट नाही. जे कळले असते तर केले नसते, ते अज्ञान माणसाला दोषमुक्त करते. पण काही माणसे मुद्दाम डोळे झाकून घेतात, विचारायला हवे तिथे विचारत नाहीत, कारण उत्तर नको असते. ते अज्ञान निमित्ताचे. ते दोष धुऊन काढत नाही, कधी कधी वाढवतेही.

आता त्या मुलाकडे पाहा. शिवरासनसारख्या माणसाने बॅटऱ्या मागितल्या तेव्हा त्याने विचारायला हवे होते का? कदाचित हवे होते. त्या दिवसांत तमिळनाडूत एलटीटीईविषयी सहानुभूती बाळगणारे पुष्कळ लोक होते, आणि त्यांच्या पोरांना असली बारीकसारीक कामे सांगणे नवे नव्हते. त्याने डोळे झाकले होते, की त्याला खरेच माहीत नव्हते, की सगळे माहीत होते? आम्ही त्याचा निवाडा करत नाही, तो आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न विचारण्याचा जो एकमेव धागा कोर्टाच्या हाती येणार होता, तो कोर्टात पोचायच्या आधीच तोडला गेला. बॅटरी ही बॅटरी असते. ती रेडिओत जाते, खेळण्यात जाते आणि बॉम्बमध्येही जाते. दुकानातून बॅटरी आणणाऱ्या हाताला खुनी हात ठरवते ती फक्त जाणीव. त्या कागदावर वस्तू राहिली आणि जाणिवेविषयी माणूस जे बोलला होता ते गेले.

कोणी म्हणेल, फादर, त्या अधिकाऱ्याने खोटे तर काही लिहिले नाही. जे लिहिले ते त्या मुलाने सांगितलेलेच होते. आठवी आज्ञा मोडली असे कसे म्हणता?

हा आक्षेप आम्हांला गंभीर वाटतो, कारण आपण सगळे याच आधारावर जगतो. दोन भावांच्या वाटणीत साक्ष द्यायला गेलेला शेजारी खोटे बोलत नाही, फक्त एक गोष्ट सांगत नाही. सोयरीक विचारायला आलेल्यांना मुलाचे पगारपत्रक दाखवतात, कर्जाचा कागद कपाटात राहतो. पण साक्ष म्हणजे वाक्यांची बेरीज नव्हे. साक्ष म्हणजे ऐकणाऱ्याला, जे झाले ते जसे झाले तसे दिसावे म्हणून बोलणे. ‘मी बॅटऱ्या आणल्या’ आणि ‘मी बॅटऱ्या आणल्या, कशासाठी ते मला ठाऊक नव्हते’ या दोन वाक्यांचा पूर्वार्ध एक आहे, पण ती दोन निराळ्या माणसांविषयी बोलतात. पहिल्यातला माणूस फाशीच्या कोठडीत जातो. ऐकणाऱ्याने चुकीचे समजावे अशाच हेतूने जिथे अर्धे सत्य ठेवले जाते, तिथे शब्द खरे असूनही साक्ष खोटी होते, असेच आपल्या ख्रिस्तसभेची नीतिशिकवण मानते.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारी आपण दानिएलच्या ग्रंथातली सुसान्नाची कथा ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात. लोकांना त्यांचे पटते, कारण ते वडीलधारे आहेत, न्यायाधीश आहेत. सुसान्नाला मारायला नेत असतात तेव्हा एक पोरगा ओरडतो, थांबा, तुम्ही नीट चौकशी केलेली नाही. दानिएल काही चमत्कार करत नाही. तो त्या दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारतो, कोणत्या झाडाखाली? दोघे दोन झाडांची नावे सांगतात. आम्हांला या कथेत नेहमी वाटत आले आहे, की पवित्र आत्म्याने तिथे एका तरुण वकिलाचे काम केले. देवाला भक्ती हवी असते तसे उलटतपासणीचेही वावडे नाही. पहिल्या खुनानंतर तो स्वतः काईनाला आधी विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे. सर्वज्ञ देवाला विचारायची गरज ती काय? तरी तो विचारतो आणि काईनाला बोलू देतो. शिक्षा त्यानंतर येते, आणि शिक्षेबरोबर, कोणी त्याला मारू नये म्हणून, एक खूणही येते.

तपास पथकाची बाजूही पाहू. देशाचा माजी पंतप्रधान मारला गेला आहे. मुख्य आरोपी मेले आहेत. लोक संतापले आहेत, वरून रोज विचारणा होते आहे. हाती आलेल्या माणसांपैकी एकेक जण ‘मला काय ठाऊक’ म्हणून सुटू लागला, तर शेवटी कोण उरणार? अशा वेळी एका वाक्याकडे कोण बघते? आम्हांला या विचारात कयफा दिसतो. येशूला मारलेच पाहिजे असे कयफा म्हणाला, तेव्हा त्याचा मुद्दा येशू दोषी आहे असा नव्हताच. सगळे राष्ट्र बुडण्यापेक्षा एकाने मरणे बरे, असा त्याचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो वेडगळ नाही. राष्ट्र चालवणाऱ्याला असले हिशेब सुचतात. पण त्या हिशेबात दोषी आणि निर्दोष हे शब्दच उरत नाहीत, फक्त एक आणि अनेक उरतात. योहानने ते वाक्य आपल्या शुभवर्तमानात जपून ठेवले, आणि कयफाला न कळलेला एक अर्थही त्यात दाखवला. तो अर्थ देवाच्या कृपेचा. कयफाचा हिशेब त्यामुळे बरोबर ठरत नाही.

हे काही तमिळनाडूतच घडते असे नाही. आपल्या महाराष्ट्राशी जोडलेल्या एका खटल्यातही असा एक माणूस होता, त्याचे नाव आता फारसे कोणाला आठवत नाही. गांधीजींच्या खुनाच्या खटल्यात शंकर किस्तय्या नावाचा आरोपी होता. पुण्यात शस्त्रांचा व्यापार करणाऱ्या दिगंबर बडगे याचा तो नोकर. मालक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. मालकाने सांगितलेली कामे करणाऱ्या नोकराला १९४९ च्या फेब्रुवारीत जन्मठेप झाली. त्याच वर्षी हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडले. आणि त्याच खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूरकडे काय झाले ते जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. खुनी ब्राह्मण होता एवढ्यावरून, ज्यांचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता अशांची घरे जाळली गेली. १९८४ मध्ये इंदिराजींच्या खुनानंतर दिल्लीत शिखांचे जे झाले, ते तर आमच्या लेखणीला पेलणारे नाही. १९९१ नंतर श्रीलंकेहून जीव वाचवून आलेल्या तमिळ निर्वासितांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आपण स्वतः या देशात संख्येने थोडे आहोत. एकाच्या गुन्ह्याचे बिल सगळ्या समाजाच्या नावाने फाडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. मग आपल्या वाडीत विहिरीवरची मोटार चोरीला गेली की पहिले बोट आदिवासी पाड्याकडे का जाते, हे आपणच एकमेकांना विचारावे. आम्ही या बाबतीत कोणाचे नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही.

आता क्षमेकडे येऊ. या खटल्याची आठवण निघाली की आपल्याकडे लगेच तीच बाजू सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेही. फाशी झालेल्या चौघांत नलिनी ही एकच स्त्री. तिचा नवरा मुरुगन त्या चौघांतलाच, आणि त्यांची मुलगी तुरुंगात जन्मलेली. खंडपीठावरचे न्यायमूर्ती के. टी. थॉमस हे केरळचे ख्रिस्ती गृहस्थ. नलिनीला जन्मठेप द्यावी असे वेगळे मत त्यांनी नोंदवले, कारण आईबाप दोघेही फासावर गेले तर त्या मुलीचे कोणी उरणार नव्हते. ते मत अल्पमतात राहिले. पुढे सोनिया गांधींनी दयेची विनंती केली आणि २००० मध्ये नलिनीची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. मार्च २००८ मध्ये प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन नलिनीला भेटल्या. ती भेट त्यांनी गाजावाजा न करता घेतली होती, बाहेर कळले ते नंतर. राहुल गांधींनी २०१४ मध्ये कैद्यांच्या सुटकेच्या हालचालींवर दुःख व्यक्त केले होते. २०१८ मध्ये सिंगापूरला बोलताना मात्र, आपण आणि आपल्या बहिणीने खुन्यांना पूर्ण क्षमा केली आहे, असे ते म्हणाले. बापाचा खून झालेल्या मुलांना तिथवर यायला सत्तावीस वर्षे लागली. प्रवचनात आम्ही धर्मगुरू ‘क्षमा करा’ हे दोन शब्द ज्या सहजतेने उच्चारतो, त्यावर हा काळ एक चांगला उतारा आहे.

पण क्षमा आणि न्याय यांची गल्लत होऊ नये. १३ मे १९८१ रोजी अली आजा याने संत पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपमहोदयांनी त्याला क्षमा केली आणि डिसेंबर १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. या भेटीचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आम्ही व्यासपीठावरून सांगतो ते इथपर्यंतच. पुढे काय झाले ते सांगायचे राहून जाते. आजा त्या भेटीनंतरही तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० मध्ये. क्षमा ही जखम झालेल्याने द्यायची गोष्ट आहे. तुरुंगाचे दार उघडायचे की नाही, हे राज्याने कायद्याने ठरवायचे असते.

म्हणूनच श्रीपेरुंबुदूरच्या बाबतीत एक अवघड प्रश्न उभा राहतो. गांधी कुटुंबाने क्षमा केली, ती त्यांच्या दुःखापुरती. त्या रात्री गेलेल्या पोलिसांच्या घरच्यांच्या वतीने ती कोण करणार? २०२२ मध्ये सगळ्यांची सुटका झाली, तेव्हा त्या स्फोटात जबर जखमी झालेल्या एका महिला पोलीस अधिकाऱ्यांनी तीव्र दुःख व्यक्त केले. काँग्रेस पक्षानेही निर्णय मान्य नसल्याचे सांगितले. काहींना हा विरोध अख्रिस्ती वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. हात गमावलेल्या माणसाला, बापाशिवाय वाढलेल्या मुलाला, त्याच्या वतीने दुसऱ्याने क्षमा करून टाकली असे सांगणे, हाही एक अन्यायच आहे. त्यांच्याकडे कोणी पत्रकार वारंवार गेला नाही. त्यांचा राग खरा होता आणि त्यालाही ऐकणारे कोणी हवे होते.

सुटका कशी झाली तेही नीट समजून घ्यावे, कारण याविषयी दोन्ही बाजूंनी बरेच सैल बोलले जाते. दयेचे अर्ज सुमारे ११ वर्षे पडून राहिले. तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी २०११ मध्ये ते फेटाळले आणि फाशीची तारीखही ठरली, पण मद्रास हायकोर्टाने स्थगिती दिली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विलंबाच्याच कारणाने उरलेल्या तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. १८ मे २०२२ रोजी न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून पेरारीवालनला सोडले आणि ११ नोव्हेंबर २०२२ रोजी बाकीच्या सहा जणांना. कोणालाही निर्दोष ठरवलेले नाही. त्यागराजन यांच्या प्रतिज्ञापत्राने पेरारीवालनचा गुन्हा पुसला गेला असे कोणत्याही कोर्टाने म्हटलेले नाही. ते वाक्य वेळेवर लिहिले गेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आता कोणतेच कोर्ट देऊ शकत नाही. एक मात्र निश्चित. ठरलेल्या तारखेला फाशी झाली असती, तर २०१३ साली त्या अधिकाऱ्याने तोंड उघडून उपयोग काय होता? पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये आपल्या श्रद्धाग्रंथातला देहदंडावरचा परिच्छेद बदलला आणि देहदंड अग्राह्य ठरवला. तेव्हा आपल्यातल्या काही मंडळींनी, फादर, मग कसाबचे काय, असे विचारले होते. त्यांना आम्ही मानवी प्रतिष्ठेची बाजू सांगितली होती, आणि ती खरी आहे. पण साध्या व्यवहाराची बाजूही तितकीच जड आहे. माणसे वाक्ये गाळतात. कधी दुष्टपणाने, कधी कर्तव्याच्या भरात, कधी वरच्या दडपणाखाली. गाळलेले वाक्य वीस-पंचवीस वर्षांनी परत आले, तर ते ऐकून घ्यायला तो माणूस जिवंत असायला हवा.

त्यागराजन यांच्याविषयी कठोर बोलणे सोपे आहे. पण ते वाक्य गाळले गेले होते हे जगाला कळले तेही त्यांच्याच तोंडून. निवृत्त झालेल्या, प्रतिष्ठा मिळवलेल्या माणसाने स्वतःहून सर्वोच्च न्यायालयात असे लिहून द्यावे, याला काय लागत असेल याचा विचार ज्याने त्याने करावा. दर शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून आम्ही ऐकतो, त्यावरून एवढे सांगू शकतो, की आपण जे केले ते लोक तुलनेने लवकर सांगतात. जे सांगायचे होते आणि सांगितले नाही, ते ओठावर यायला फार वर्षे लागतात.

येत्या २१ मे रोजी सकाळी साडेसहाची पवित्र मिस्सा आपण श्रीपेरुंबुदूरच्या सर्व मृतांसाठी अर्पण करणार आहोत. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत राजीव गांधी, बंदोबस्तावरचे पोलीस, कविता म्हणायला आलेली ती मुलगी आणि तिची आई यांच्यासाठी प्रार्थना होईल. सुटकेनंतर श्रीलंकेत आपल्या आईकडे परतण्याची वाट पाहत फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात मरण पावलेल्या संतनसाठीही होईल. शेवटी धनू आणि शिवरासन यांचीही नावे घेतली जातील. ज्यांना त्या दोन नावांनंतर ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणणे जड जाईल, त्यांनी तेवढ्यापुरते गप्प राहिले तरी चालेल.

आपले,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू